स्वॉटव्हॅक नावाची लस नसते

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. ओळखीच्या एक ताई दवाखान्यात आल्या. मुलगा मेलबर्नला शिकतो. "डॉक्टर, त्याचं स्वॉटव्हॅक चालू आहे. डोकं दुखतंय, हात थरथरतात, छातीत धडधडतं म्हणतो." बाहेर पेशंटची रांग होती. मी 'व्हॅक' एवढंच ऐकलं आणि सांगून टाकलं, "लस घेतल्यावर होतो थोडा त्रास. दोन दिवसांत उतरेल."

रात्री ते मनातून जाईना. लशीनं ताप येतो, अंग दुखतं. हाताची थरथर त्यात बसत नव्हती. नऊ वाजता ताईंकडून नंबर घेऊन फोन लावला. तिकडे पहाटेचे अडीच वाजले असणार, हे नंतर लक्षात आलं. पण त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

लशीचं ऐकून तो हसायलाच लागला. स्वॉट म्हणजे कसून अभ्यास, व्हॅक म्हणजे व्हेकेशन. ऑस्ट्रेलियात परीक्षेआधी तास बंद ठेवून अभ्यासाला जी सुट्टी देतात, तिचं हे नाव. हाच 'स्वॉट' ब्रिटनमध्ये पुस्तकी किड्याला चिडवायला वापरतात. आम्ही मेडिकलला 'मग अप' करायचो, म्हणजे शुद्ध घोकंपट्टी. सिंगापूरची मुलं मगिंग म्हणतात ते नुसत्या भरपूर अभ्यासाला; अमेरिकेत तोच शब्द ऐकून कुणी विचारील, रस्त्यात लुबाडलं की काय!

मग मी आधीच विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले. झोप? तीन रात्रींत मिळून आठ तास. एनर्जी ड्रिंक? रोज सहा डबे. तिकडच्या 250 मिलीच्या डब्यात साधारण 80 मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणजे सहा डब्यांत 480. निरोगी प्रौढानं दिवसाला 400 च्या वर जाऊ नये. शिवाय पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-एक तासांनीही रक्तात असतं, त्यामुळे संध्याकाळचा डबा मध्यरात्रीची झोप घालवतो. आणि दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते बरंचसं झोपेत. तो जागून वाचत होता ते टिकणं अवघडच.

त्याला म्हटलं, "आता पुस्तक मिट आणि झोप. उद्यापासून डबे कमी करत जा. एकदम बंद केलेस तर डोकं आणखी दुखेल. धडधड थांबली नाही, छातीत दुखलं किंवा घेरी आली, तर मला फोन करत बसू नकोस. तिथला ट्रिपल झिरो लाव."

दुपारी त्याचा मेसेज आला. नऊ तास झोपला होता, थरथर कमी होती.

ताईंना फोन करून माझी चूक सांगितली. सगळं शांतपणे ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे लस घ्यायची राहिलीच का?"