पाइप कुठे संपतो?

वीज गेली की आमच्याकडे दोन गोष्टी लागोपाठ होतात. शेजारच्या सोसायटीचा जनरेटर धडधडायला लागतो आणि आई भराभर खिडक्या लावत सुटते. बाबांना दमा आहे. पंखा बंद, खिडक्या बंद, त्यात एप्रिलचा उकाडा... आणि शेजारच्या अकरा मजल्यांवर लिफ्ट मजेत वरखाली!

आम्हा पुणेकरांना जनरेटरचं तसं कौतुकच. २००६ साली, भारनियमनाच्या दिवसांत, कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे आणि त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची, अशी योजना निघाली होती. 'पुणे मॉडेल' म्हणून ती गाजली. ते दिवस गेले, जनरेटर मात्र घरोघरच्या कुंपणाशी येऊन बसले.

आता हा धूर म्हणजे नुसती काजळी नव्हे. त्यातले बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर थेट पहिल्या गटात टाकला. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. थोडक्यात, शंकेला जागा नाही.

म्हटलं, नियम तरी बघावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र सोपं आहे. जनरेटर ज्या इमारतीत आहे तिच्या उंचीत, केव्हीएच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणून येईल तेवढे मीटर मिळवायचे. १०० केव्हीएला इमारतीच्या वर २ मीटर. मेख आहे ती 'इमारत' या शब्दात. शेजाऱ्यांनी इमारत धरली ती पत्र्याची शेड! तिची उंची ३ मीटर, म्हणजे पाइप ५ मीटरवर संपला. खाली पार्किंग असलेल्या आमच्या पहिल्या मजल्याची खिडकीही बरोबर तिथेच येते.

त्यांच्या चेअरमनकाकांना भेटलो. माणूस चांगला आहे. "अरे, सगळं नियमात आहे," म्हणाले. शिवाय नवव्या मजल्यावरच्या आजींना जिना उतरवत नाही, हेही खरंच. लिफ्ट बंद ठेवा असं कोण म्हणेल? मी एवढंच म्हटलं, की पाइप तुमच्याच भिंतीवरून गच्चीपर्यंत न्या. लांब पाइप जाड व्यासाचा घ्यावा लागतो, नाहीतर इंजिनावर उलटा दाब येतो. म्हणजे खर्च आलाच. पण तो अकरा मजल्यांत वाटला जाईल. आज सगळा भार एकट्या बाबांच्या छातीवर आहे.

विषय वार्षिक सभेत मांडतो म्हणालेत. तोवर दर रविवारची जनरेटरची ट्रायल बाबा सकाळी फिरायला गेल्यावर घ्यायची, एवढं ठरलंय. हेही नसे थोडके.

असो. तुमच्या सोसायटीत जनरेटर असेल तर खाली उतरून एकदा बघा, त्याचा पाइप कुठे संपतो आणि समोर कोणाची खिडकी आहे ते.