पोटगी

'मेंटेनन्स' हा शब्द आमच्या घरात आधी कारखान्यातून आला आणि मागाहून कोर्टातून. करसवलतींच्या ओढीने सिल्वासात कारखाने आले, त्यांतल्या एका सुताच्या कारखान्यात माझा धाकटा भाऊ मेंटेनन्स खात्यात फिटर होता. २०१७ साली त्याचा संसार मोडला. भावजय लेकीला घेऊन माहेरी, डहाणूला गेली. तिथल्या कोर्टाने दोघींना मिळून दरमहा ७,००० रुपये ठरवून दिले. वकील त्याला मेंटेनन्स म्हणत, शेजारचे गुजराती काका 'भरणपोषण', आणि आमची आई आपली 'खावटी'! नाव काही घ्या, दहा तारखेच्या आत पैसे जात.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. पुढे कारखाना उघडला, पण पाळीच्या यादीत भावाचे नाव नव्हते. तो घरीच पंपांच्या मोटारी दुरुस्त करू लागला. पैसे पाठवणे मात्र बंद. मी विचारले, तर म्हणाला, "दादा, काम गेलं हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. कोर्टाला कळत नाही का?"

खरे सांगतो, मलाही ते तेव्हा पटले. भावजयीला एक फोन करावा, एवढेदेखील सुचले नाही.

२०२१ साली नोटीस आली. अकरा महिन्यांची थकबाकी, ७७,००० रुपये! आई देवापुढे जाऊन बसली. वाहने नुकतीच सुरळीत होत होती. वापीहून गाडी धरून आम्ही दोघे डहाणूला गेलो. वकील वयस्क होते. म्हणाले, "अहो, कोर्टाचा हुकूम म्हणजे पंखा नव्हे, वीज गेली की आपोआप थांबायला. तो बदलून घ्यावा लागतो."

त्याकाळी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२७ त्यासाठी होते. (१ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १४६ झाले.) परिस्थिती बदलली हे पुराव्याने दाखवले, तर न्यायाधीश रक्कम कमी करू शकतात, वाढवूही शकतात. ज्या कोर्टाने हुकूम दिला तिथेच अर्ज करायचा, आणि तो नोकरी गेल्याबरोबर. कारण साचलेली बाकी अशा अर्जाने सहसा पुसली जात नाही. तुरुंगात जाऊन आले तरी ती फिटत नाही! नुसते 'उत्पन्न घटले' म्हणूनही भागत नाही. लखनौच्या एका प्रकरणात नवरा निवृत्त झाला म्हणून उच्च न्यायालयाने ४,००० चे २,००० केले होते; २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ४,००० केले. धडधाकट माणसाने हात झटकू नयेत, असा त्याचा रोख.

मग प्रतिज्ञापत्र. नागपूरहून दिल्लीपर्यंत गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या नोव्हेंबरात घालून दिलेला हा नियम: दोघांनीही मिळकत, कर्ज, खर्च शपथेवर लिहून द्यायचा. भाऊ भराभर लिहीत गेला. भविष्यनिर्वाह निधी, मोटारसायकल, तिचे हप्ते. मोटारींच्या दुरुस्तीपाशी पेन थांबले. "हे लिहायलाच हवं का, दादा?"

मी बोललो नाही. वकिलांनी भावजयीच्या प्रतिज्ञापत्राची प्रत पुढे सरकवली. ती शाळेचे गणवेश शिवायची. शाळाच बंद, मग गणवेश कुठले? गळ्यातली चेन गहाण. लेकीच्या अभ्यासासाठी उसनवारीने घेतलेला मोबाइल. अकरा महिने आम्ही जे एकट्याचे समजत होतो ते तिथे तिच्याच अक्षरात होते. भावाने ती प्रत दोनदा वाचली आणि दुरुस्तीचे पैसे लिहिले.

हुकूम झाला: अर्जाच्या तारखेपासून ४,५००. मागची बाकी पूर्ण, चार हप्त्यांत. निम्मी माझ्या मुदतठेवीतून गेली. बायको काही बोलली नाही, पण त्या दिवाळीत पातळही मागितले नाही.

कोर्टाच्या ओट्यावर भावजय भेटली. "बरे आहात ना, दादा?" एवढेच म्हणाली. मला उत्तर सुचेना.

गेल्या वर्षी भावाला वापीत पुन्हा कायमची नोकरी लागली. "आता ती वाढीसाठी अर्ज करील," तो म्हणाला.

"करील की. तू तोवर वाट पाहणार?"

पुढल्या दहा तारखेला संध्याकाळी पुतणीचा फोन आला. "मोठे काका, पप्पांनी या महिन्यात चुकून जास्त पाठवले का? आई विचारतेय, परत करायचे का?"

मी फोन भावाच्या हातात दिला.