आधी पाणी, मग मासे

माझे बालपण गोव्याच्या किनाऱ्यावर गेले. घरची भाषा कोंकणी. त्यामुळे तिगावात वर्गासाठी काचेचे मत्स्यालय करावयाचे ठरले, तेव्हा माशांविषयी मला सारे ठाऊक आहे, असा माझा गोड गैरसमज होता. सकाळी टाकी भरली, सायंकाळी मासे सोडले. आठवड्याच्या आतच ते एकेक करून मेले. मुलांनी मला काहीच विचारले नाही. ते मौनच अधिक बोचले.

पुस्तके चाळल्यावर चूक उमगली. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया हे विष निर्माण होते. वाळूत व गाळणीत वसणारे काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही घातकच. दुसरे जीवाणू त्याचे सौम्य नायट्रेट करतात. हे जीवाणू पुरेसे वाढावयास बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. निर्मळ दिसणारे पाणी जगण्यास योग्य असतेच असे नाही!

दुसऱ्या खेपेस आम्ही वाळू धुतली, पाणवनस्पती लावल्या, हीटर बसवून पाण्याचे उष्णतामान २५ अंशांवर राखले. मासे नसतानाही रोज चिमूटभर खाद्य टाकले. अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत पाणी तपासले. "सर, मासे केव्हा?" हा प्रश्न नित्याचाच. अखेर सहा झेब्रा मासे सोडले. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात वर्णिलेले, आपल्याच देशातले. ते जगले.

विद्यार्थी मित्रांनो, या संत्र्यांच्या मुलखात मीही परकाच आलो होतो. माझ्यासाठी पाणी तुम्ही आधीच सिद्ध ठेवले होते, हे मला त्या दिवशी कळले.