पासोड्या विठोबा कुठे आहे हो?

बालमित्रांनो, बाबांची किंवा आईची बदली होते, सामानाचा टेम्पो निघतो आणि एका दिवसात आपलं गाव मागे पडतं. तिथे वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तुम्हाला नावानं ओळखत. नव्या शहरात मात्र जिना उतरून खाली आलात, तरी कुणी हाक मारत नाही. खेळायला बोलवत नाही. वाटतं, आपण इथले नाहीच!

समजा, तुम्ही पुण्याच्या जुन्या भागात राहायला आला आहात. शाळेत पहिलाच प्रश्न येतो, "कुठली पेठ?" तुम्ही गोंधळता. सोमवार, मंगळवार, बुधवार... ही तर आठवड्याची यादी झाली! पण इथे सातही वारांच्या पेठा आहेत, बरं का. शिवाय पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ, नाना फडणविसांच्या नावाची नाना पेठ आणि रास्ते सरदारांची रास्ता पेठ.

आता पत्ता विचारून पाहा. "तुळशीबागेजवळ, जिलब्या मारुतीपाशी." "खुन्या मुरलीधरावरून पुढे जा." "पासोड्या विठोबाच्या अलीकडे." देवांची ही कसली नावं? हसू नका, विचारा! पासोडी म्हणजे जाड पांघरूण. विठोबाच्या या देवळापाशी एके काळी पासोड्या विकायला बसत, म्हणून हा पासोड्या विठोबा. जिलब्या मारुतीला म्हणे एक हलवाई जिलब्यांची माळ घालायचा. आणि खुन्या मुरलीधर? ती गोष्ट इथे सांगणार नाही. सदाशिव पेठेतल्या एखाद्या आजोबांना विचारा. दुसऱ्या आजोबांना विचारलंत, तर ती थोडी वेगळी ऐकायला मिळेल. पण गोष्ट सांगून झाल्यावर दोघंही तुम्हाला विचारतील, "तू कुणाचा रे? नवीन आलास वाटतं?" झाली ओळख!

नुसते डोळे उघडे ठेवून चाललात, तरी किती सापडतं! कसबा पेठेत तांबट आळी आहे. आळी म्हणजे एकाच कामाच्या लोकांची गल्ली. तिथे पोचण्याआधीच ठक्‌ ठक्‌ आवाज येऊ लागतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकाशेजारी एक ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्यानं भांड्याला चकाकी तर येतेच, पण पत्राही घट्ट होतो. जवळच बुरूड आळीत बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणतात. अप्पा बळवंत चौकात सगळीकडे पुस्तकंच पुस्तकं. जून महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते!

आता एक गंमत सांगू? हे तांबट मूळचे इथले नव्हेत. पेशवाईत ते कोकणातून आले. सदाशिव पेठेच्या जागी पूर्वी नायगाव नावाचं खेडं होतं. त्याहीआधी, १६३० च्या सुमाराला, आदिलशाही फौजेनं पुणं पार उजाड केलं होतं. अशा ओसाड गावात जिजाबाई लहानग्या शिवबाला घेऊन राहायला आल्या. त्यांनी कसबा गणपतीचं देऊळ बांधवलं, लोकांना धीर दिला आणि गाव पुन्हा वसू लागलं. म्हणजे शिवबासुद्धा पुण्यात बाहेरून, शिवनेरीकडून आलेला मुलगाच होता! आज पिढ्यान्‌पिढ्यांचे पुणेकर म्हणवणाऱ्यांचे पणजोबा-खापरपणजोबाही कधीतरी कुठूनतरी बोचकं घेऊनच आले असणार.

जे होते, त्यांनाही पुन्हा घर मांडावं लागलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. हजारो कुटुंबं बेघर झाली. तेव्हा शाळेत जाणारी मुलं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. पाणी कुठवर चढलं होतं, कुणी कुणाला आसरा दिला, हे त्यांच्याच तोंडून ऐका.

एका हौदाची गोष्ट मात्र विसरू नका. पूर्वीच्या गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, जोतीराव फुल्यांचा वाडा आहे. ज्यांना गावात पाण्याला शिवू देत नसत, त्यांच्यासाठी १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद खुला केला. वस्तीत राहूनही त्या माणसांना कुणी आपलं म्हणत नव्हतं. पाणी सगळ्यांचं झालं, तेव्हा एका तरी अंगणात ती परकी राहिली नाहीत. वाडा आजही उभा आहे. रविवारी आईबाबांना घेऊन जरूर जा.

तेव्हा मित्रांनो, गाव कुठलंही असो, नागपूर, नांदेड नाहीतर नाशिक, पहिल्या आठवड्यात एक छोटी वही करा. रोज एका गल्लीचं, देवळाचं, मशिदीचं किंवा चौकाचं नाव लिहा आणि ते का पडलं, ते कुणालातरी विचारा. पालकांनो, तुम्हीही स्कूटर घरी ठेवून मुलांबरोबर थोडं पायी हिंडा. पंधरा-वीस नावं होतील, तोवर पंधरा-वीस माणसं ओळखीची झालेली असतील.

मग एक दिवस कुणी बावरलेला मुलगा तुम्हालाच विचारील, "पासोड्या विठोबा कुठे आहे हो?" त्याला नुसतं बोट दाखवू नका. त्याच्याबरोबर चार पावलं चाला, पासोड्यांची गोष्ट सांगा आणि संध्याकाळी खेळायला बोलवा. तो कालच आला असेल!