गोडावरचं कडू

सुरतेत रात्री दहानंतर घोडदोड रोडला किंवा अठवालाइन्सच्या बाजूला निघालात, तर रस्त्याच्या कडेला गाड्या लागलेल्या दिसतात आणि माणसं गाडीतच बसून कोको पीत असतात. ‘ठंडो कोको’ हे इथलं पेय. दूध उकळायचं, त्यात कोको पावडर, साखर, दाटपणासाठी थोडं कॉर्नफ्लॉवर घालून शिजवायचं आणि मग ते इतकं गार करायचं की ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं. मुंबई-पुण्याचे पाहुणे त्याला मिल्कशेक समजतात. पण मिल्कशेक घुसळलेला, फेसाळ. कोको शिजवलेला, त्याचं नातं बासुंदीशी. ग्लास भरून झाला की दुकानदार शेवटी त्यावर चॉकलेटचा कीस घालतो. माझे डोळे त्या शेवटच्या हातावर असतात.

काही जण सकाळीच कीस पाडून डब्यात भरून ठेवतात आणि चमच्याने वर टाकतात. काही जण फ्रीजमधून लादी काढतात, किसणी ग्लासावर धरतात आणि तिथल्या तिथे दोन-तीन हात मारतात. पहिल्या प्रकारात कीस एकमेकांना चिकटून गोळा झालेला असतो, दुसऱ्यात तो सुटा सुटा उतरतो, सायीवर जिथे पडेल तिथे राहतो. चव दोन्हीकडे एकच असेलही, पण समोर किसून घालणाऱ्याकडे मी चार पावलं जास्त चालून जाते. हा ग्लास ह्या माणसासाठी, आत्ता तयार होतोय, एवढं त्या दोन-तीन हातांत कळतं.

ही सजावट सुरतेत टिकणं तसं अवघड. चॉकलेट ज्याच्या जोरावर घट्ट उभं असतं ते कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं. माणसाचं अंग 37 अंशांचं, म्हणून तर चांगला तुकडा चावावा लागत नाही, जिभेवर आपोआप विरतो. आता सुरतेचं बघा. एप्रिल-मे 40 अंशांना टेकतात, ऑक्टोबरात पाऊस सरला की पुन्हा 35 च्या घरात दुपारी तापतात, आणि तापीचं मुख जवळ असल्याने हवेत ओल कायमची. म्हणजे जिभेने करायचं काम इथली दुपारच करून टाकते. केक घेऊन रिक्षाने लिंबायतहून अडाजणला जायचं म्हटलं, की वरच्या नक्षीचं काय होईल हीच काळजी.

म्हणून बेकरीवाले बहुधा ‘कंपाउंड’ वापरतात. त्यात कोको बटरच्या जागी पामच्या बियांच्या तेलासारखं घट्ट केलेलं तेल असतं. ते उन्हाला जास्त दाद देत नाही, स्वस्त पडतं, लांबलचक वळ्याही देखण्या निघतात. त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. भर उन्हात दुकान चालवायचं तर त्यांनी तरी काय करावं? पण कंपाउंडची वळी तोंडात टाळूला चिकटून बसते, मेणासारखी. विरघळायची असते ती गोष्ट विरघळतच नाही. डोळ्यांना दिलेला शब्द जिभेला पाळता येत नाही, हे मला खटकतं.

माझी भाची उधन्याला राहते, घरून केक आणि गोड पदार्थांच्या ऑर्डरी घेते. आमच्यासारखी खानदेशातून तापीकाठच्या रेल्वेने आलेली घरं उधना, लिंबायत, डिंडोलीत गल्ल्या भरून आहेत. पहिली पिढी मागावर आणि प्रोसेस हाउसात राबली, दुसरी नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकली आणि तिसरी ही अशी, पहाटे उठून चॉकलेट किसणारी. पहाटेच, कारण तेव्हाच स्वयंपाकघर त्यातल्या त्यात गार असतं. ती आधी पंखा बंद करते, नाहीतर कीस ओटाभर उडतो. अमूलच्या डार्क चॉकलेटची वडी फ्रीजमधून काढून तशीच थोडा वेळ ओट्यावर ठेवते. थेट थंडगार वडीवर पीलर चालवला तर वळी पडत नाही, नुसता चुरा निघतो. जास्त वेळ राहिली तर पीलरला राप बसतो. मधली एक घटका असते. वडीच्या कडेवर अंगठा अगदी हलका टेकवून ती बघते: ठसा उमटला नाही, पण थंडीही टोचली नाही, की सुरू.

वडीला भोवती कागद गुंडाळलेला, तळव्याची ऊब पोचू नये म्हणून. पीलर कडेवरून आपल्याकडे ओढायचा, जोर एकसारखा. रंध्याखालून सागवानाची साल निघावी तशी पातळ पट्टी निघते आणि निघता निघता स्वतःभोवती वळते. वरच्या अंगाला चकाकी, आतल्या अंगाला मंद. मी एक उचलायला हात पुढे केला तर म्हणाली, “मावशी, हात नको लावूस! बोटानेच जाईल ती.” आणि गेलीच. चिमटीत धरेपर्यंत कडा मऊ झाल्या, नखात तपकिरी रेघ राहिली. ती स्वतः वळ्या थंड चमच्याने उचलते, स्टीलच्या डब्यात कागदावर एकेरी थर लावते, झाकण घट्ट बसवून फ्रीजमध्ये. डबा बाहेर काढला की लगेच उघडायचा नाही. इथल्या दमट हवेत थंड चॉकलेटवर दव धरतं, वरची साखर त्यात विरघळते, आणि वाळल्यावर पांढुरकी खरखरीत पुटं उरतात.

तिने मला आणखी एक सांगितलं, ते मी तेव्हापासून मनात घोळवते आहे. चॉकलेटची पानं-फुलं साच्यात ओतायची तर ते वितळवून, गार करून, पुन्हा ठरावीक उष्णतेवर आणावं लागतं. डार्क असेल तर 31-32 अंशांवर. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारांनी जमतात, त्यातला पाचवा जमला तरच चकाकी आणि तोडताना कटकन आवाज. हे गणित सुरतेच्या उन्हाळ्यात जमवणं म्हणजे तारेवरची कसरत. किसण्यात मात्र चॉकलेट वितळवायचंच नसतं. कारखान्यात बसवलेला तो पाचवा स्फटिक जसाच्या तसा वळीत उतरतो. गरिबाघरच्या ओट्यावर, एका पीलरवर, हे खरं चॉकलेट खऱ्या रूपात सजतं. साच्यातल्या गुलाबापेक्षा मला ही वळी जास्त आवडते, आणि त्याचं निम्मं कारण हे आहे.

उरलेलं निम्मं कारण सुरतेचं आहे. मराठी माणसाला हे शहर लुटीच्या इतिहासातून ठाऊक असतं, पण आपल्या घरातली सुरत कपाटात असते. येवल्याच्या पैठणीचा पदर ज्या जरीने भरतो ती जर पिढ्यान्‌पिढ्या सुरतेहून जाते. चांदीची तार ओढून ओढून केसासारखी करायची, चपटी करायची, रेशमावर गुंडाळायची, वर सोन्याचं पाणी. साडी विरली तरी जुनी जर विकत घेणारे दारावर येतात, कारण जाळली की चांदी परत मिळते. कतारगाम-वराछात हिऱ्याला पैलू पडतात. घासताना कच्च्या हिऱ्याचं निम्म्याहून अधिक वजन जातं, पण जे उरतं ते पिढ्यांना पुरतं. शोभेतून काहीतरी हाती उरलं पाहिजे, हा या शहराचा स्वभाव. अशा ठिकाणी चॉकलेटची वळी ही अगदी निराळ्या जातीची शोभा आहे. तिच्यातून काही परत मिळत नाही, ती ठेवता येत नाही. ज्याच्यासाठी केली त्याने तेवढ्यात खाल्ली तर सार्थकी, नाहीतर डाग. तरी माणसं ती करतात. पहाटे उठून करतात.

आणि हे काम आपल्याला नवं कुठे आहे? माझी आजी पुरणावर, श्रीखंडात, बासुंदीत शेवटी जायफळ किसायची. टणक, काळपट, तोंडात धरवणार नाही इतकं उग्र असं काहीतरी गोडावर हलक्या हाताने खरवडून घालायचं, हीच तर ती रीत. ते जायफळ मूळचं मोलुक्का बेटांतलं, बांदाचं. डचांनी त्याचा व्यापार मुठीत धरला, आणि सतराव्या शतकात त्यांची वखार सुरतेत होती. कतारगामला डचांचं जुनं कबरस्तान आहे, त्यात मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेणाऱ्या व्हान रीडचा घुमटदार मकबरा. 1691 साली त्याचं निधन झालं. मी तिथे गेले की मला राजकारण आठवत नाही, जायफळ आठवतं. डच 1825 मध्ये सुरतेतली आपली वखार इंग्रजांच्या हवाली करून गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1828 मध्ये, हॉलंडात व्हान हौटेनने कोकोच्या लगद्यातून तेल दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि कोको पावडर जगाला मिळाली, ज्या पावडरीवर आज सुरतेचा ठंडो कोको उभा आहे. आणि कोकोचं झाड? ते 1798 च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने तमिळनाडूतल्या कुट्रालमला आणलं, तेही मोलुक्कातल्याच अंबोन बेटावरून. आज आंध्रात आपल्या गोदावरीच्या खालच्या खोऱ्यात नारळीच्या सावलीत त्याच्या बागा आहेत. जायफळाच्या शेजारघरातून निघालेलं हे कडू बी असं फिरत फिरत त्याच किसणीवर आलं. मला त्याचं परकेपण जाणवत नाही ते यामुळे.

डार्कच का, असं भाचीची गिऱ्हाइकं विचारतात. दुधाचं चॉकलेट मुलांना आवडतं, स्वस्तही असतं. तिचं उत्तर तयार असतं: खाली एवढं गोड आहे, वरही गोड कशाला? सुरतेचं गोड म्हणजे मावा, साखर, तूप यांत हात आखडता नाही. दोन घासांनंतर जीभ थकते, चव सपाट होते. 55 टक्के कोकोची एक वळी मध्ये आली की तिचा कडवटपणा जीभ पुसून घेतो आणि पुढचा घास पुन्हा पहिला होतो. 75 च्या पुढचं चॉकलेट तिने एकदा वापरलं. ते मला जड गेलं, खालच्या दुधाला ते बोलूच देत नाही. 55 पुरे.

कोजागरीच्या रात्री आमच्या गच्चीवर मसाला दूध असतं आणि दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, अख्खी सुरत घारी ही माव्याची मिठाई खाते. संध्याकाळी लोक डुमस रोडच्या गौरवपथावर चादरी अंथरून बसतात, घारी आणि भुसू हे फरसाण घेऊन. 1857 मध्ये तात्या टोप्यांच्या सैनिकांसाठी इथे घारी करून दिली होती, असं सुरती लोक अभिमानाने सांगतात, आणि ते सांगताना माझ्याकडे, मराठी बाईकडे, हटकून बघतात. अलीकडे दुकानांत चॉकलेटची घारीही मिळते. भाचीच्या मनात यंदा घारीवर डार्क चॉकलेटच्या वळ्या लावायचं होतं. शेजारच्या बेन म्हणाल्या, “घारी उपर तो घी ज शोभे.” मी बेनच्या बाजूने. घारीवर गोठलेल्या तुपाचा पांढरा थर हीच तिची सजावट, आणि तूपही साधारण चॉकलेटच्याच सुमाराला पातळ होऊ लागतं, तेव्हा गौरवपथावर पोचेपर्यंत दोन्ही एकमेकांत मिसळून राड होईल. आम्रखंडालाही वळ्या नकोत, आंबटावर कडू बसत नाही. पुरणाला तर नाहीच. तिथे जायफळाची जागा कुणी घेऊ नये.

पण कोजागरीच्या सुमाराला बाजारात सीताफळं येतात. गर बिया काढून थंड बासुंदीत कालवायचा, वाट्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, माणसं पाटावर बसली की बाहेर काढायच्या. मग डबा उघडून चमच्याने वळ्या, एकेका वाटीत पाच-सहा, सढळ हाताने. आणि वाढणाऱ्याने मागे वळून “बसा, आलेच” असं म्हणत रेंगाळायचं नाही, वाट्या आधी हातात द्यायच्या.