पहिला काप

झाशीच्या प्रेम नगरातल्या माझ्या ओसरीवर रविवारी तीन-चार हौशी मंडळी येतात. सागाच्या फळीवर पेन्सिलीने सांधा सुबक आखलेला असतो, फळी मात्र आठवडाभर तशीच. "काका, पहिला काप तुम्हीच घ्या ना." ही भीती मला कळते. माती चुकली तर पुन्हा मळता येते, लाकडाचा भुसा परत चिकटत नाही.

माझी सगळी नोकरी इथल्या रेल्वे वर्कशॉपच्या सुतारखात्यात गेली. १८९५ सालचा, जीआयपी रेल्वेच्या काळातला हा कारखाना. तिथे शिकलेली पहिली गोष्ट: पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, सुरीच्या रेघेला नसते. सुरीने आखलं की लाकडाचे तंतू आधीच तुटतात आणि पटाशीला टेकायला कड मिळते. करवत रेघेवर नाही, टाकाऊ बाजूला चालवायची आणि उरलेलं पटाशीने सोलून रेघेपर्यंत आणायचं. ड्रॉवरच्या डव्हटेल सांध्याचा धाक एवढ्यानेच निम्मा उतरतो. त्याचा उतार देवदारासारख्या मऊ लाकडात सहास एक आणि कठीण लाकडात आठास एक धरावा. पण उतार थोडा चुकला तरी सांधा धरतो, रेघ चुकली तर धरत नाही.

खरी भीती धारेची हवी, आणि तिच्याकडेच कोणी बघत नाही. बोथट पटाशी जोर मागते, जोर लावला की निसटते आणि हातात घुसते. पंचवीस अंशांचा उतार, टोकाशी तीस. मागच्या बाजूला बोटाला धातूची बारीक कड लागेपर्यंत दगडावर घासायचं, मग पाठ सपाट टेकवून ती कड काढायची. देवदाराच्या आडव्या कापावरून चुरा न होता पातळ पापुद्रा निघाला, की धार झाली.

सगळ्यात अवघड वाटतं ते दिल्हेदार दार, आणि झाशीत ते खरंच जपून करावं लागतं. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, जुलैत हवा ओली होते. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र आकसतं, फुगतं. सागही हलतो, इतरांपेक्षा कमी इतकंच. म्हणून दिल्हा, म्हणजे चौकटीतली फळी, चौकटीच्या खाचेत नुसता बसवायचा, सरस लावायचा नाही. माझ्या पहिल्या दाराला मी मजबुतीसाठी सरस भरला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात दिल्हा मधोमध उभा फाटला.

आजोबांनी रत्नागिरीहून आणलेला देव्हारा आजही आमच्या घरात आहे. कोकणच्या दमट हवेत घडवलेला. इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या दिल्ह्यांच्या कडेला बिनपॉलिशची फिकी पट्टी उघडी पडली, असं आजी सांगायची. पण एकही दिल्हा फुटला नाही, कारण सगळे सुटे होते. ती पट्टी मी मुलांना मुद्दाम दाखवतो. पॉलिश चौकट जोडण्याआधी दिल्ह्याला, कडांसकट, करायचं. मे महिन्यात काम काढलं असेल तर एक फूट रुंद दिल्ह्याच्या दोन्ही बाजूंना खाचेत दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवायची. ऑगस्टमध्ये लाकूड फुगलेलंच असतं, तेव्हा इतकी जागा नको, खाच मात्र खोल हवी.