सूर्यनगरी आणि एक भिंग

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या नातवाने एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर एक राज्य वसवले. नकाशा काढला, नद्या आखल्या, डोंगरमाथ्यावर एक देऊळ उभे केले आणि त्या देवळातल्या मुख्य धर्मगुरूला राजा करून टाकले. त्याच्या हाताखाली लहान धर्मगुरू, मग सैनिक, मग व्यापारी आणि सर्वांत तळाला शेतकरी, अशी उतरंड त्याने नीट पट्टीने रेघा मारून रचली होती. वही माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "आजोबा, फादरच राजा असले तर राज्यात कोणी लबाडी करणारच नाही ना?"

मी हसलो. पण ते हसू फार वेळ टिकले नाही. कारण हाच प्रश्न चारशे वर्षांपूर्वी एका डॉमिनिकन संन्याशाने तुरुंगात बसून स्वतःला विचारला होता आणि त्याचे उत्तर म्हणून एक अख्खे नगर कल्पनेने उभारले होते. तोम्मासो कांपानेल्ला हे त्याचे नाव आणि 'सूर्यनगरी' हे त्याच्या पुस्तकाचे. सेवानिवृत्तीनंतर हे छोटेखानी पुस्तक मी इंग्रजी भाषांतरातून वाचले आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेले नाही.

कांपानेल्लाचा जन्म १५६८ साली दक्षिण इटलीतल्या कलाब्रिया प्रांतात झाला. बाप गरीब चांभार, निरक्षर. मुलगा मात्र विलक्षण बुद्धीचा. लहान वयातच तो डॉमिनिकन संघात गेला. त्या काळी त्या मुलखावर स्पेनच्या राजाचा अंमल होता. १५९९ साली त्या सत्तेविरुद्ध उठावाचा कट केल्याच्या आरोपावरून त्याला पकडून नेपल्सला आणले गेले. पुढची सुमारे सत्तावीस वर्षे तो तिथल्या कोठड्यांतून होता. १६०२ साली, अंगावरच्या छळाच्या जखमा ताज्या असताना, त्याने ही सूर्यनगरी लिहिली. इटालियन भाषेत लिहिलेल्या या पुस्तकाची लॅटिन आवृत्ती १६२३ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टला छापून निघाली, तेव्हाही लेखक गजाआडच होता.

पुस्तक संवादरूप आहे. कोलंबसाच्या ताफ्यात सुकाणू धरलेला एक जिनोआचा खलाशी एका धर्मयोद्ध्याला आपण पाहिलेल्या नगरीची हकिकत सांगतो. ती नगरी ताप्रोबाना बेटावर आहे. प्राचीनांच्या भूगोलात हे सिंहलद्वीपाचे नाव होते. तिथले लोक मूळचे कुठले? तर हिंदुस्थानातले! मोगल आणि इतर लुटारूंच्या जाचाला कंटाळून निघालेल्या तत्त्वज्ञांनी ही वसाहत केली, असे कांपानेल्ला लिहितो. हे वाचताना मला गंमत वाटली. तो हे लिहीत होता तेव्हा आपल्या वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीज निशाण फडकत होते; आपले पूर्वज याच किनाऱ्यावर शेती आणि मासेमारी करत होते. त्यांतला एखादा नेपल्सला पोचता, तर त्या संन्याशाने त्याला किती प्रश्न विचारले असते!

नगरी टेकडीवर आहे. एकात एक अशी सात वर्तुळे, प्रत्येकाला एकेका ग्रहाचे नाव, चार दिशांना चार दरवाजे. माथ्यावर भिंती नसलेले, खांबांवर पेललेले गोल मंदिर. वेदीवर आकाशाचा आणि पृथ्वीचा असे दोन गोल, आणि वर सात ग्रहांच्या नावांचे सात दिवे अखंड तेवत असलेले. तटांच्या भिंतींवर सगळी विद्या चित्रांनी रंगवलेली आहे: गणिताच्या आकृत्या, देशोदेशींचे नकाशे, खनिजे, वनस्पती, मासे, पक्षी, कारागिरांची अवजारे. मुले खेळता खेळता त्या भिंतींभोवती फिरतात आणि दहा वर्षांची होण्याआधीच सगळी शास्त्रे शिकून जातात. मी आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहिलो. त्या भिंतींचा मला आजही हेवा वाटतो.

या नगरीचा राजा हा धर्मगुरूच. त्याचे नाव सूर्य. धर्माचा आणि प्रपंचाचा शेवटचा शब्द त्याचाच. त्याच्या हाताखाली तिघे: सामर्थ्य, ज्ञान आणि प्रेम. सामर्थ्याकडे सैन्य आणि युद्ध, ज्ञानाकडे शास्त्रे आणि कला, प्रेमाकडे विवाह, अन्न, वस्त्र आणि बालसंगोपन. त्यांच्या खालचे अधिकारीही सद्गुणांच्या नावांनी ओळखले जातात. कोणी औदार्य, कोणी शुद्धता, कोणी कृतज्ञता, कोणी सत्य. ज्याच्यात तो गुण लहानपणापासून दिसला त्याला ते पद. सूर्य होणाऱ्याचे वय पस्तिसाच्या वर हवे, त्याला सर्व शास्त्रे आणि सर्व राष्ट्रांचा इतिहास ठाऊक हवा. आणि त्याच्याहून शहाणा माणूस सापडला तर त्याने आपण होऊन पायउतार व्हायचे. (पायउतार होणारे राजे फक्त पुस्तकांतच भेटतात, हे त्या कैद्याला ठाऊक नसेल असे नाही.)

माझ्या नातवाच्या राज्यात शेतकरी तळाला होता. कांपानेल्लाच्या राज्यात तळच नाही. तिथे कोणाच्या मालकीचे घर नाही; दर सहा महिन्यांनी अधिकारी घरे बदलून देतात. सगळे काम करतात आणि सगळ्यांनी मिळून केल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाचे चारच तास काम येते. नेपल्समध्ये मूठभर लोक कष्टाने झिजून मरतात आणि बाकीचे आळसाने कुजतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. सूर्यनगरीत जास्तीत जास्त हस्तव्यवसाय ज्याला येतात तो कुलीन. एकही धंदा न शिकता नोकरांच्या जिवावर जगणाऱ्याला आपण खानदानी म्हणतो आणि कारागिराला हलका समजतो, याचे त्या नगरवासीयांना हसू येते. हे वाक्य चांभाराच्या मुलाने लिहिले आहे, हे विसरून ते वाचता येत नाही.

तरीही त्या चित्रावर डाग आहेत. युद्धात पकडलेले गुलाम तिथेही आहेत. त्यांना विकतात, नाहीतर नगराबाहेर खंदक खणायला लावतात. कोणी कोणाशी संबंध ठेवून संतती व्हावी हे 'प्रेम' नावाचा अधिकारी ठरवतो, तेही ग्रहांची वेळ पाहून; आणि दूध सुटलेली मुले आईच्या कुशीतून उचलून सरकारी दाईकडे दिली जातात. एखाद्या बाईने तोंडाला रंग फासला किंवा उंच दिसण्यासाठी उंच टाचांची पादत्राणे घातली, तर तिला देहदंड! आपल्या लग्नसराईत हा कायदा लागू केला तर काय होईल, असे मी सौभाग्यवतीला म्हटले. तिने पुस्तक मिटून ठेवायला सांगितले.

पण मला थबकवले ते दुसऱ्याच एका गोष्टीने.

मंदिराच्या माथ्यावर चोवीस धर्मगुरू राहतात. मध्यरात्री, पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी ते स्तोत्रे गातात. आपल्या चाळीस तासांच्या आराधनेप्रमाणे तिथेही तासातासाने माणूस बदलून अखंड प्रार्थना चालते. आणि तिथे पापनिवेदनही आहे. नगरातले सर्व लोक आपली पापे आपल्या अधिकाऱ्यांना सांगतात. अधिकारी ती ऐकून लोकांना शुद्ध करतात आणि कोणत्या पापांचा जोर आहे हे त्यांना कळते. मग ते अधिकारी स्वतःची आणि लोकांची पापे, कोणाचेही नाव न घेता, त्या तिघांना सांगतात. ते तिघे सूर्याला सांगतात. अशा रीतीने नगरीत कोणत्या प्रकारचे अपराध बळावले आहेत हे राजाला कळते आणि तो त्यांवर इलाज योजतो. मग तो मंदिरात सर्वांच्या वतीने देवाकडे क्षमा मागतो.

पहिल्या वाचनात मला यात काही वावगे वाटले नाही. उलट वाटले, किती सोयीचे! नाव कोणाचेच घेतले जात नाही, कोणाची बेअब्रू होत नाही, आणि राज्यकर्त्याला प्रजेची नाडी कळते. मग एकदम मला आमची शाळा आठवली.

मी आठवीत होतो. आमच्या धर्मग्रामातले एक फादर शाळेचे मुख्याध्यापक होते आणि शनिवारी संध्याकाळी तेच देवळात पापनिवेदन ऐकायला बसत. शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात एक जाड काचेचे भिंग होते. उन्हात धरून वाळलेली पाने पेटवण्याचा मोह मला आवरला नाही आणि मी ते खिशात घातले. शनिवारी जाळीपलीकडे गुडघे टेकून मी सगळे सांगितले. वस्तू जिथली तिथे परत कर, असे फादरांनी सांगितले. मी होकार दिला. त्यांनी पापक्षमा दिली. सोमवारी परत करीन असे म्हटले खरे, पण सोमवारी विज्ञानाच्या सरांच्या लक्षात चोरी आली आणि माझे धैर्य गळाले.

कपाटाची किल्ली शिपाईकाकांकडे असे. हरवलेल्या वस्तूची किंमत किल्ली ज्याच्याकडे त्याच्या पगारातून कापायची, असा शाळेचा नियम होता. सरांनी तक्रार केली. फादरांनी ती ऐकून घेतली, काकांना बोलावून विचारले. काका शपथेवर नाही म्हणाले. महिनाअखेरीस त्यांच्या पगारातून चार रुपये कापले गेले. ते व्हरांड्याच्या पायरीवर बसून नोटा दोनदा मोजताना मी पाहिले. दुसऱ्यांदा मोजूनही रक्कम तेवढीच भरली.

त्याच दुपारी मी भिंग घेऊन फादरांच्या कार्यालयात गेलो आणि ते टेबलावर ठेवले.

"हे काय?" फादरांनी विचारले.

"भिंग आहे, फादर. विज्ञानाच्या कपाटातलं."

"तुला कुठं मिळालं?"

मी गोंधळलो. दोन-तीन आठवड्यांपूर्वी याच गळ्याने, याच कानांना सांगितलेली हकिकत मला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. कधी घेतले, कसे घेतले, कपाट उघडे कसे मिळाले, हे सगळे त्यांनी असे विचारले जणू पहिल्यांदाच ऐकत आहेत. मग उठून त्यांनी मला सहा छड्या मारल्या, वडिलांना चिठ्ठी लिहिली आणि काकांना आत बोलावून चार रुपये त्यांच्या हातावर ठेवले. त्या दिवशी मला वाटले, फादर म्हातारे झाले, विसरले. ते विसरले नव्हते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. तो महिनाभर, काका निर्दोष आहेत हे ठाऊक असूनही त्यांच्या पगाराच्या पत्रकावर सही करताना फादरांना काय वाटले असेल, हे तर मला आज, वयाची पंच्याहत्तरी उलटल्यावर, थोडेसे कळू लागले आहे.

ख्रिस्तसभेने ही भिंत फार पूर्वी बांधली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने पापनिवेदनाची गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षा सांगितली. पुढे १५९३ साली पोप आठवे क्लेमेंट यांनी व्रतस्थांच्या संघांतील वरिष्ठांना बजावले की, पापनिवेदनात मिळालेले ज्ञान बाहेरच्या कारभारासाठी वापरायचे नाही. १९८३ सालच्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातही, ९८४ व्या कलमात, अधिकारपदावर असलेल्या प्रत्येकाला हेच बंधन आहे. इथे नाव न घेण्याची पळवाट नाही. कारभारासाठी कोणत्याही प्रकारे उपयोग करायचा नाही, असाच तो नियम आहे. त्याच कायद्याचे २८५ वे कलम धर्मगुरूंना राज्यसत्तेची पदे घेण्याची मनाई करते.

क्लेमेंट यांच्या आदेशानंतर नऊच वर्षांनी एका व्रतस्थाने अशी नगरी लिहिली, जिथे राज्यकारभार पापनिवेदनावरच चालतो. मला त्याचे नवल वाटते, पण त्याहून मोठे नवल दुसरे आहे. १६०१ साली नेपल्सच्या तुरुंगात कांपानेल्लाचा सुमारे चाळीस तास सलग छळ करण्यात आला. तो वेडाचे सोंग घेऊन होता. ते सोंग उघडे पाडायचे होते, कारण शहाणा ठरला तर त्याला मृत्युदंड होता. त्याने तोंडातून हवा तो शब्द निघू दिला नाही आणि तो वाचला. सूर्यनगरीच्या अखेरीस खलाशी सांगतो की, एका थोर तत्त्वज्ञाला शत्रूंनी चाळीस तास छळले तरी, गप्प राहायचे असे त्याने ठरवले असल्यामुळे, त्याच्याकडून काही वदवून घेता आले नाही. म्हणून माणसाची इच्छा स्वतंत्र आहे, ग्रहताऱ्यांनाही तिच्यावर बळजबरी करता येत नाही. तो तत्त्वज्ञ कोण, हे सांगायला नको. स्वतःच्या मनाचे दार ज्याने एवढ्या यातनांत बंद ठेवले, त्याने आपल्या स्वप्नातल्या नगरीत मात्र सगळ्यांची दारे राजाच्या अंगणात उघडणारी केली. आपला राजा शहाणा आणि साधू असेल, मग भीती कसली, असे त्याला वाटले असावे. आमचे फादरही शहाणे होते आणि साधूही. तरी त्यांनी भिंग ओळखले नाही.

त्या खलाशाचा निरोपही चमत्कारिक आहे. श्रोता त्याला थांब, थांब म्हणून विनवतो, अजून पुष्कळ विचारायचे असते. तो मला सवड नाही म्हणून निघून जातो आणि पुस्तक तिथेच संपते. कांपानेल्ला स्वतः पुढे सुटला, पॅरिसला गेला आणि १६३९ साली तिथल्या डॉमिनिकन मठात वारला.

हे सगळे मी नातवाला त्याच्या समजुतीप्रमाणे सांगितले. नकाशातल्या त्याच्या देवळावर बोट ठेवून विचारले, "तुझ्या राज्यात पापनिवेदन कोण ऐकतो?"

"राजाच. दुसरं कोण ऐकणार?" तो म्हणाला. मग थोडा वेळ पेन्सिल चावत बसला. मला वाटले, तो आता नवे काही पद काढील, रेघा बदलील. पण त्याने वही मिटली आणि विचारले, "मग त्या शिपाईकाकांची तुम्ही माफी मागितलीत?"

काकांना पैसे फादरांनी परत दिले होते, मी नव्हे. भिंग कोणी घेतले होते, हे त्यांना कोणी सांगितले की नाही, मला ठाऊक नाही. त्यानंतर तीन वर्षे मी त्या शाळेत होतो. रोज सकाळी ते फाटक उघडत आणि माझ्याकडे पाहून हसत.

"नाही," मी म्हणालो.